टोकाच्या खोलीतले साहेब

काकांनी चौतीस वर्षं शहराच्या पाण्यात क्लोरीन घातला आणि निवृत्त झाल्यावर तोच पाण्यातून घालवायची नोकरी धरली. हे ते स्वतःच सांगत आणि सांगताना समोरच्याच्या आधी हसत. "जन्मभर केलेलं आता निस्तरतोय," म्हणत. समोरचा हसला तर चांगलंच, नाही हसला तर उद्या दुसरा कोणीतरी भेटेलच.

पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर ते पाणी तपासत. सकाळी सहाला काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते बघायचं, वहीत लिहायचं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी पुढे आलेला पेला ते आधी हुंगत. बायको हळूच कोपर मारी आणि घरी येईपर्यंत बोलत नसे. घरी आल्यावर मात्र सगळं एकदम बोले.

बायको म्हणजे त्या घरातला आवाज होता. ती देवाशी बोले, भांड्यांशी बोले, उतू जाणाऱ्या दुधावर रागावे आणि मधूनच "अहो, ऐकलंत का?" म्हणून हाक मारी. काका ऐकत नसले तरी "हो" म्हणत. चाळीस वर्षं हे असंच चाललं. ती गेली तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपण या घरात कधी बोललोच नाही, नुसतं "हो" म्हणत आलो. आणि आता "हो" म्हणावं असंही काही उरलं नाही. पंधराव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात रेडिओ लावला. तो कधी बंद केलाच नाही. बाहेर जातानाही चालूच. परत येऊन कुलूप उघडताना आत कुणीतरी बोलत असतं, एवढ्यासाठीच.

मुलगी लांब, दुसऱ्या शहरात. ती दर रविवारी फोन करी. "बाबा, एकटे कशाला राहता? इकडे या ना." एकदा ते गेले होते. महिनाभर राहिले. जावई चांगला, कुणी कमीजास्त बोललं नाही. पण काका दिवसभर सोफ्याच्या कडेला बसून राहत. पाय कुठे ठेवावेत, पेपर आधी कुणी वाचायचा, न्हाणीघरात किती वेळ थांबलं तर चालेल, काही कळत नसे. दोन किलो वजन उतरून घरी परतले. तेव्हापासून मुलीने विषय काढला की एकच उत्तर, "अगं, मग पाण्याचं कोण बघणार?"

"बेडकांसाठी बाप मुलीकडे येत नाही, हे सांगायचं तरी कुणाला!"

"बेडकांसाठी नाही गं. पाण्यासाठी."

बेडकांचं केंद्र शहराबाहेर, एका जुन्या गोदामाच्या आवारात होतं. जहाजावरून माल नेतात तसले लोखंडी कंटेनर तिथे ओळीने मांडले होते, एकूण बारा. आत थंडावा, ओलावा, काचेच्या पेट्या आणि पेट्यांत दगड, शेवाळ, पानं. डोंगरातल्या ओढ्यांवर एक बुरशी पसरली होती. ती बेडकाच्या कातडीला लागते. बेडूक कातडीने श्वास घेतो, पाणीही कातडीनेच पितो, त्यामुळे कातडी गेली की तो गेलाच. पाच-सहा वर्षांत ओढेच्या ओढे मुके झाले. जे हाती लागले ते उचलून इथे आणायचे, जोड्या लावायच्या, पिल्लं वाढवायची आणि देवाच्या दयेने कधी ओढे निरोगी झाले तर परत नेऊन सोडायची. तोवर हे लोखंडी डबे म्हणजेच त्यांचं गाव.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई. पूर्वी त्यांच्या एका खोलीतली सगळी पिल्लं नळाच्या पाण्याने एका दिवसात मेली, तेव्हा त्या टाक्यांवर विचारायला आल्या होत्या. काकांनी सांगितलं होतं, "बाई, उघड्या पिंपात दोन दिवस ठेवा, अधूनमधून ढवळा, मग वापरा. हे पाणी माणसांसाठी आहे. लेकरांना चालायचं नाही." ते 'लेकरांना' बाईंच्या लक्षात राहिलं. काका निवृत्त झाले, त्यांची बायको गेली हे कळल्यावर बाईंनीच बोलावून घेतलं.

तेव्हापासून चोवीस निळी पिंपं काकांच्या ताब्यात होती. प्रत्येकावर खडूने तारीख. दोन दिवस मुरलेलं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे. रंग चढला नाही की ते पाणी पास. केंद्राचं सोवळंही त्यांना चटकन जमलं. प्रत्येक खोलीचे बूट वेगळे, बादली वेगळी, हातमोजे वेगळे. दारातल्या औषधाच्या थाळीत पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही, कारण एका खोलीतला रोग दुसऱ्या खोलीत जायला बुटाला लागलेला एक थेंबही पुरतो.

"काका, सोवळं झालं का? मग माझी पोरं घेऊन जा," असं ओरडणारी ती किडेवाली. बेडकांच्या खाण्यासाठी रातकिडे आणि फळांवरची चिलटं वाढवणं हे तिचं काम. चाळिशीची, मोठ्या आवाजाची बाई. घरी तिला कुणी किड्यांचं नाव काढू देत नसे, म्हणून दिवसभराचं सगळं ती काकांना ऐकवी.

बाराव्या, सगळ्यात टोकाच्या कंटेनरमध्ये एकच पेटी होती आणि पेटीत एकच बेडूक. वहीत त्याचा नंबर सतरा. अंगठ्याएवढा, तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके. तो ज्या ओढ्यातून आला तिथे नंतर तीनदा माणसं जाऊन शोधून आली, पण दुसरा मिळाला नाही. त्याच्या अंगावरची बुरशी औषधाने गेली होती, तरी सावधगिरी म्हणून तो वेगळा. काका त्याला 'साहेब' म्हणत. दगडावर दोन्ही हात पोटाशी घेऊन, हनुवटी वर करून तो असा बसे की टाक्यांवरचे जुने मोठे साहेबच. फाईल आणा म्हणतील असं वाटे.

पाणी बदलायला दहा मिनिटं पुरत. काका तिथे अर्धा तास बसत. त्यासाठी एक स्टूलही त्यांनी नेऊन ठेवलं होतं, रीतसर औषधाने पुसून. "काय साहेब, आज काय हुकूम?" असं सुरू करत आणि मग कुठल्या पिंपाचं झाकण तडकलं, मुलगी काय म्हणाली, रेडिओवर कुणी गाणं चुकीचं सांगितलं, सगळं सांगत. साहेब डोळे मिटत, उघडत. घरी कधी न बोललेला माणूस इथे बोलत होता.

त्या वर्षी साहेबांची जोडी लावायचं ठरलं. शेजारच्या ओढ्यातली एक मादी पाचव्या खोलीत होती. पेटीवर दिवसातून चारदा फवारा सोडायचा, म्हणजे बेडकाला वाटावं पाऊस लागला. सहा आठवड्यांचा हा मोसम वर्षातून एकदाच करता येतो. "नर बोलायला लागला की मादीला सोडू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो बोलला तर तिच्या पोटात अंडी तयार होतात. गप्प राहिला तर तिला आत घालून काही उपयोग नाही. आणि काका, याचं वय झालंय. पुढच्या वर्षी असेलच असं नाही." म्हणजे साहेब बोलले तर त्या ओढ्याचा वंश राहणार, नाही तर त्यांच्याबरोबर संपणार. काकांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी खडूने बाराव्या खोलीच्या पिंपावर तारखेखाली एक जाड रेघ ओढली.

पहिला आठवडा गेला, साहेब बोलले नाहीत. काकांच्या मनाने घेतलं की एवढ्या लोखंडी खोलीत एकटा जीव. बोलणार तरी कुणाशी? मोठ्या खोल्यांत फवारा सुरू झाला की बाई भिंतीवरच्या स्पीकरमधून बेडकांची नोंदवलेली हाक लावत आणि तिथले दहा-बारा नर पाठोपाठ सुरू होत. काकांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तीच हाक त्यांच्या फोनमध्येही होती. किडेवालीने गंमत म्हणून फोनची घंटी करून दिली होती. "मुलीचा फोन आला की अख्खं तळं ओरडेल, काका!"

बायकोचा जुना फोन कपाटात पडून होता. काकांनी तो काढला, चार्ज केला, किडेवालीकडून हाक त्यात घालून घेतली. "हाक कशाला हवी यात?" तिने विचारलं. "असू दे, घरी ऐकायला," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन औषधाच्या फडक्याने तीनदा पुसून त्यांनी तो बाराव्या खोलीत, पेटीच्या मागच्या फळीवर ठेवला आणि लावला. टक्, टक्-टक्. टक्, टक्-टक्. दिवसभर. सोवळ्याचा एकही नियम मोडला नाही. "घ्या साहेब," ते म्हणाले, "आता घरात कुणीतरी बोलतंय." आणि त्यांना स्वतःलाच इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले.

माणसाला देवाने माया दिली, तशी दुसऱ्याच्या मनात डोकावायची खिडकी दिली नाही. आपल्याला लागते ती थंडी त्यालाही लागत असेल म्हणून आपण पांघरूण घालतो. खाली तो गुदमरतोय हे कळत नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांचं वजन घेतलं. बाराव्या खोलीत काकांशिवाय कुणी जात नसे, वजनालाही साहेबांना डबीत घालून तेच बाईंच्या खोलीत नेत. सव्वाचार ग्रॅमचे पावणेचार झाले होते. त्यानंतरच्या आठवड्यात साडेतीनच्याही खाली. दिलेले किडे पेटीत तसेच फिरत होते आणि साहेब दगडाखाली, मागच्या कोपऱ्यात.

"पाणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

काकांनी बाईंसमोर नळी भरली, थेंब टाकले. रंग नाही. दुसऱ्या पिंपाचं घेतलं, रंग नाही. तिसऱ्यांदा बाईंनीच थेंब टाकले. पाणी स्वच्छ होतं.

"मग किडे," बाई म्हणाल्या.

किडेवाली उसळलीच. "माझे किडे? बाकी अकरा खोल्या तेच खातायत, पोटं बघा त्यांची! तुमच्या सतराला काय वेगळं ताट वाढायचं होतं?"

"तुझ्यावर आरोप नाही. पण संशय नको. ही सगळी वीण टाकून द्यायची, नवी सुरू करायची. सोमवारी सतराला इथून हलवते, नळीने भरवावं लागेल. म्हणजे हा मोसम गेलाच."

किडेवाली आपल्या खोलीत गेली आणि दोन महिने वाढवलेल्या रातकिड्यांच्या टोपल्या एकेक करून दाराशी आणून ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकांना सुट्टी होती, तरी ते आले. बाराव्या खोलीत पाय ठेवला आणि थबकले. आत आवाज नव्हता. फोनची वायर सुटून चार्ज संपला होता. आणि साहेब दगडावर होते. हात पोटाशी, हनुवटी वर. शेजारी एका किड्याची तंगडी पडली होती. खाल्लं होतं!

काकांचे डोळे भरून आले. "असे बसा, साहेब, असे बसा," म्हणत त्यांनी घाईघाईने वायर जोडली, फोन उजळला, हाक सुरू झाली. टक्, टक्-टक्.

साहेबांनी अंग दगडाला चिकटवलं. एक पाऊल मागे. दुसरं. तिसऱ्याला ते दगडाखाली गेले.

काका बघत राहिले. मग त्यांनी फोन बंद केला आणि स्टुलावर बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. बऱ्याच वेळाने दगडाखालून एक हात बाहेर आला, मग डोळे. काकांनी पुन्हा हाक लावली नाही. एकदा बघितलं तेवढं पुरे होतं.

फोन गुपचूप घरी नेता आला असता. साहेब दोन दिवसांत सावरले असते, कुणाला पत्ता लागला नसता. वायर गुंडाळता गुंडाळता हे त्यांच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. पण बाहेर दाराशी किडेवालीच्या टोपल्या रांगेने होत्या, उद्या मारून टाकायच्या म्हणून. आणि आत ते किडे बापडे, काही ठाऊक नसल्यासारखे, किरकिरत होते. आवारातूनच काकांनी बाईंना फोन केला.

डॉक्टरबाई तासाभरात आल्या. काकांनी फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाईंनी फोन उचलून हाक लावली, थोडी ऐकली, बंद केली. त्यांचा चेहरा असा झाला होता की काकांना वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं होतं.

"ही हाक कुणाची आहे माहितीये तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"बेडकाची."

"नराची. आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या नराची. ही हाक म्हणजे 'या, बसा' नव्हे, काका. ही जागा माझी आहे, पुढे याल तर बघा, असं म्हणतोय तो. मोठ्या खोल्यांत प्रत्येकाचा दगड ठरलेला आहे, तिथे ते एकमेकांना उत्तर देतात, आणि मी पाव तासात बंद करते. इथे हा एकटा, एवढीशी पेटी, पळायला जागा नाही. आणि डोक्यामागून दिवसभर दांडगा माणूस दम देतोय. तुम्ही जेवला असता?"

काकांनी मान हलवली. "मला वाटलं, सोबत होईल."

"या जातीला सोबत लागत नाही. ओढ्यातही एकेकटेच बसतात. एकटा आहे म्हणजे दुःखात आहे, असं त्याच्याकडे नसतं."

काका जमिनीकडे बघत होते. बाईंचा आवाज जरा खाली आला. "वहीत लिहा. तारखेसकट, तुमच्या हाताने. पुढे दुसऱ्या कुणाला अशीच माया आली तर त्याला वाचायला मिळेल."

काकांनी लिहिलं. चौतीस वर्षं वह्या भरलेलं अक्षर, पण त्या दिवशी ओळ खाली उतरत गेली. बाई ते वाचून म्हणाल्या, "हलवत नाही त्याला. मोसमाचे तीन आठवडे उरलेत, बघू. पण आता त्या खोलीत कुणी बसायचं नाही. दोन दिवसांनी एकदा पाणी, मोजून दहा मिनिटं. किडे वरच्या झडपेतून. आत बोलायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही."

"बरं," काका म्हणाले.

सोमवारी किडेवालीला सगळं कळलं. काकांना वाटलं, आता ही आठवडाभर तोंड बघणार नाही. ती टोपल्या एकेक करून आत नेत होती. "हाक घरी ऐकायची होती ना तुम्हाला?" ती म्हणाली. "थापाड्या म्हातारा! माझ्या पोरांच्या जिवावर उठला होतात." मग एक टोपली त्यांच्या हातात देऊन, "उचला. शिक्षा."

ते दोघं टोपल्या उचलत राहिले. शेवटची ठेवून झाल्यावर तिने विचारलं, "मग आता घरचा रेडिओ पण बंद का?"

"छे गं! तो बेडूक आहे. मी माणूस."

स्टूल बाहेर आलं. काका दर दोन दिवसांनी बाराव्या खोलीत जात, पाणी काढत, पाणी घालत, पेटीकडे नजरसुद्धा टाकत नसत, की उगाच साहेबांना टोचायला नको. जिभेवर "काय साहेब" येई, ते गिळत. बाहेर पडून घड्याळ बघत: सात मिनिटं, आठ मिनिटं. उरलेल्या वेळाचं काय करावं हे न कळून पिंपं घासत. दहा दिवसांत चोवीसही पिंपं अशी लखलखली की डॉक्टरबाई थांबून बघून गेल्या. बाईंनी एकदा येऊन घेतलेलं वजन तीन पूर्णांक नऊ भरलं. मोसमाचे सात दिवस उरले. मग सहा.

पाच उरले तेव्हा पाण्याची पाळी होती. बूट घालून, थाळीत पाय बुडवून, बादली घेऊन काका दाराशी पोहोचले. कडीला हात लावला आणि आतून आवाज आला. पातेल्याच्या झाकणावर कुणी नखाने टिचकी मारावी तसा, एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन, लागोपाठ.

फोन तर घरी कपाटात होता. हे साहेब होते.

हात कडीवरच राहिला. पाण्याची पाळी होती, आत जायचं कारण होतं, दहा मिनिटांची मुभा होती. पेटीत डोकावायला एवढंसं दार उघडायचं होतं. आत टक्, टक्-टक् चाललं होतं, नोंदवलेल्या हाकेपेक्षा कितीतरी बारीक, थोडं अडखळत. बऱ्याच दिवसांनी बोलणाऱ्या माणसाचं होतं तसं. काकांनी कडीवरचा हात काढला. बादली खाली ठेवताना आवाज होईल म्हणून हातातच धरली आणि तशीच, हिंदकळू न देता, आवारातून चालत डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत नेली.

"बोलतायत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मादीला सोडलं. पाणी द्यायलाही कुणी आत जायला नको म्हणून बाईंनी भिंतीतून नळी घेतली आणि पेटीवर कॅमेरा लावला. बाहेर पिंप, पिंपाला तोटी. काकांनी आता बाहेरच उभं राहून तोटी फिरवायची. मोसमाच्या शेवटच्या दिवशी किडेवाली ओरडत आली. "अडतीस! काका, अडतीस अंडी! भिजवलेल्या मोहरीएवढी! बाईंनी कॅमेऱ्यातून मोजली. चला बघायला."

"तू बघून ये," काका म्हणाले. "सांग मला."

तिने येऊन सांगितलं. दगडाच्या सावलीत आहेत, वर एक पान आहे, आणि साहेब शेजारी बसलेत, हात पोटाशी घेऊन. काकांनी दोनदा सांगायला लावलं. मग त्यांनी नव्या पिंपात पाणी भरलं, खडूने तारीख घातली आणि तिच्याखाली पुन्हा तशीच जाड रेघ ओढली. स्टूल पिंपाजवळ होतं. ते बसले. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. यायला हवं असंही नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, झालं का तुमच्या साहेबांचं? आता तरी या."

"आता तर मुळीच नाही गं. अडतीस आहेत. तेवढ्यांचं पाणी."

घरी पोहोचले, कुलूप उघडलं. आत कुणीतरी बाई उद्याच्या हवेबद्दल सांगत होती, जाताना छत्री न्या म्हणत होती. काकांनी चपला काढल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हो."